नील बेटावर तीन आठवडे: दोघांनी निवांत राहायचं असेल तर

अंदमानला जाऊन आलेल्या मराठी माणसाला नील बेटाबद्दल विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं. सकाळच्या बोटीने उतरलो, तो दगडी पूल बघितला, नारळपाणी प्यायलो, दुपारच्या बोटीने निघालो. पाच रात्री-सहा दिवसांच्या सहलीत सेल्युलर जेल आणि हॅवलॉकचा राधानगर किनारा बसवला की नीलच्या वाट्याला तेवढंच उरतं. मी आणि माझा नवरा तिथे तेवीस दिवस राहिलो. परत आल्यापासून ओळखीतली तीन जोडपी "आम्हालाही जायचंय, पण इतके दिवस तिथे करायचं काय आणि राहायचं कसं?" असं विचारून गेली. त्यांना फोनवर सांगितलेलं सगळं इथे नीट लिहून काढते आहे.

आधी नावं, कारण तिकीट काढताना गोंधळ होतो. ३० डिसेंबर २०१८ पासून नीलचं अधिकृत नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप आहे. ही दोन्ही नावं सुभाषबाबूंनी १९४३ मध्ये दिलेल्या नावांवरून आली. पोर्ट ब्लेअरचं नावही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बेटावर मात्र अजून सगळे नीलच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. बेट एवढंसं आहे. क्षेत्रफळ साधारण १४ चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं, त्यांचीच पुढची पिढी आज शेती करते, बोटी चालवते आणि पाहुण्यांना खोल्या देते.

पहिली पायरी: तारखा पंचांग समोर ठेवून काढा

पावसाचं गणित सोपं आहे. मे महिन्यात मोसमी पाऊस लागतो आणि इथे तो आपल्यासारखा दसऱ्याला पाठ फिरवत नाही, परतीचा पाऊस नोव्हेंबरातही असतो. लांब राहायचं तर जानेवारीचा मध्य ते एप्रिलची सुरुवात चांगली. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळा, तेव्हा खोल्या भरलेल्या आणि भाव चढलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ दिसतं.

पण महिना ठरला म्हणजे काम झालं असं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पौर्णिमा-अमावास्या बघा. नीलवर बघण्यासारखं जे सगळ्यात मोलाचं आहे ते ओहोटीला उघडं पडतं, आणि खोल ओहोटी येते उधाणाच्या दिवसांत. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचाल असं बघा. तीन आठवड्यांत एक उधाण तर मिळतंच, तारखा नीट निवडल्या तर दोन मिळतात. आम्ही पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोहोचलो होतो, त्यामुळे पुढची अमावास्याही आमच्या पदरात पडली.

दुसरी पायरी: पोहोचणं

चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने वीर सावरकर विमानतळावर उतरायचं. भारतीयांना नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र दर ठिकाणी दाखवावं लागतं, ते हाताशी ठेवा. नील तिथून समुद्रमार्गे सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, दोन तासांच्या आसपास लागतात. खासगी बोटी लवकर पोहोचवतात, पण त्या बंद, वातानुकूलित असतात. मला विचाराल तर सरकारी बोट घ्या. डेकवर उभं राहायला मिळालं तर उडते मासे दिसतात, आणि बोट लागणाऱ्या माणसाला बंद खोलीपेक्षा मोकळी हवा बरी. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगाची नाही.

विमान उतरतं त्याच दिवशी नीलची बोट गाठायचा अट्टहास करू नका. एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेल तेव्हाच बघून घ्या आणि सावरकरांच्या कोठडीसमोर घाई न करता उभे राहा. बेटावर न मिळणाऱ्या वस्तू इथेच घ्यायच्या: नेहमीची औषधं, बॅटरीची विजेरी, मच्छरदाणी (खोलीत असतेच असं नाही) आणि रोख रक्कम. नीलवर एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर तीन आठवड्यांचं गणित मांडू नका.

तिसरी पायरी: खोली बघून घ्या, फोटो बघून नाही

घरून फक्त पहिल्या तीन रात्रींची खोली ठरवा. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दोन सायकली भाड्याने घ्या आणि बेट फिरून खोल्या बघा. रस्ता बहुतेक सपाट आहे, स्कूटरही मिळते, पण जेवढं अंतर आहे त्याला सायकल पुरते. चार-पाच ठिकाणं बघून झाली की कुठे मन लागेल ते आपोआप कळतं.

खोली बघताना समुद्र किती दिसतो याआधी चार गोष्टी विचारा. पाणी विहिरीचं की टँकरचं, आणि मार्चमध्ये पुरतं का? छोट्या बेटावर गोडं पाणी पावसाचंच, जमिनीत साठेल तेवढं. उन्हाळ्याकडे ते कमी होतं, म्हणून आपणही बादलीने अंघोळ करावी. वीज गेली की हवा खेळती राहते का? समोरासमोर खिडक्या हव्यात. चूल किंवा स्वयंपाकघर वापरायला मिळेल का? आणि बाजार किती लांब? दिवसाच्या भावाला एकवीसने गुणू नका. "तीन आठवडे राहणार, रोज चादर बदलायला नको, झाडलोट आम्ही करू" असं घरमालकाशी समोर बसून बोला. आम्हाला लक्ष्मणपूरच्या बाजूला सुपारीच्या बागेत एक खोली मिळाली. मागे विहीर, पुढे ओटा, आणि मालकीणबाई आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना आम्ही काकी म्हणायला लागलो. इथे घरात बंगाली बोलतात, पण हिंदी प्रत्येकाला येते. दादा, दीदी, काकी म्हणून हाक मारलीत की माणसं लगेच आपलीशी होतात.

चौथी पायरी: दिवस ओहोटीवर बांधा

मुक्कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिले दोन दिवस आम्ही घड्याळावर चाललो आणि दोन्ही दिवस फसलो. सकाळी दहाला भरतपूरला पोहायला गेलो तर पाणी गुडघ्याएवढं, खाली प्रवाळाचे खडक. दुपारी दगडी पूल बघायला गेलो तर वाट पाण्याखाली. संध्याकाळी काकींनी ओट्यावर येऊन सांगितलं, "दीदी, पहले पानी को पूछो, फिर निकलो."

माझं माहेर मुरुडकडचं. तिकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे कोष्टक कोकणच्या किनाऱ्याचं आहे, अंदमानात जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. पण त्यातली रीत सगळीकडे चालते. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तेव्हा पोहोचल्या दिवशी जेट्टीवरच्या बोटवाल्याला विचारा, "आज पानी कितने बजे उतरेगा?" तो आकडा वहीत लिहा आणि रोज पाऊण तास मिळवत जा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी भरती. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवरही मिळतं, ते घरून निघण्याआधी फोनमध्ये उतरवून ठेवा, बेटावर इंटरनेटचा वेग बेताचा असतो.

पुढचा नियम एका ओळीत: भरतीला पोहायचं, ओहोटीला चालायचं.

पोहायला भरतपूर आणि लक्ष्मणपूर १ नंबरचा किनारा. भरतपूर जेट्टीला लागूनच आहे, त्यामुळे सहलीच्या बोटी आल्या की तिथे काचेच्या तळाच्या नावा आणि पाण्यावरच्या स्कूटर सुरू होतात. पहाटेची किंवा दिवसाच्या बोटी परतल्यानंतरची भरती साधा. डोळ्यांवर आणि नाकावर लावायचा काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी स्वतःची घेऊन जा, तीन आठवड्यांत ते पैसे वसूल होतात. दोघांनी एकत्रच पाण्यात उतरायचं, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. पोहता येत असलं तरी.

चालायला लक्ष्मणपूर २ नंबर. दगडी पूल इथेच आहे. प्रवाळाच्या खडकाची ती नैसर्गिक कमान आहे, स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. पहिल्यांदा जाताना स्थानिक वाटाड्या घ्या. बहुतेक पर्यटक पुलापाशी फोटो काढून परत फिरतात. तुम्ही उधाणाच्या ओहोटीला जा, ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि खडकातल्या खळग्यांशी बसा.

आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असे बसलो होतो. परातीएवढा खळगा, पाणी वीतभर. आधी काहीच दिसलं नाही. पाच-सात मिनिटं हललो नाही, मग एकेक उलगडत गेलं. आधी वाळूच्या रंगाची समुद्रकाकडी. मग खडकाच्या फटीतून डोकं बाहेर काढणारा वामासारखा मासा. आणि दगडातच रुतून बसलेला एक मोठा शिंपला, उघडलेल्या कडेला निळ्या-जांभळ्या मखमलीसारखी झालर. नवरा नीट बघायला वाकला, त्याची सावली पाण्यावर पडली आणि झालर आत ओढली गेली, शिंपला मिटला. तो मागे सरकला. मिनिटभराने झालर हळूच पुन्हा बाहेर आली. त्या एका खळग्यापाशी आमचा पाऊण तास गेला. पुढचे तीन दिवस आम्ही त्याच शिंपल्याला भेटायला जात होतो, आणि जाताना सावली मागे पडेल अशा बाजूने बसायला शिकलो.

पाणी वळलं की लगेच निघायचं. सपाट खडकावर भरती आली की ती चहूबाजूंनी येते, आपण समोर बघत असतो आणि मागची वाट भरून जाते. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, हातही लावायचा नाही. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. जे जगलं, ते फार सावकाश वाढत आलेलं आहे.

ज्या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरत नाही आणि फारसं चढतही नाही. ते दिवस सायकलीला, वाचनाला, झोपेला. ते वाया गेले असं वाटून घेऊ नका.

सूर्य लवकर निघतो

नील ९३ रेखांशाच्या आसपास आहे, मुंबई ७३ च्या. घड्याळ मात्र एकच. त्यामुळे इथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण ८० मिनिटं आधी येतो आणि तसाच आधी जातो. जानेवारीत संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं. नऊला उठणारं माणूस इथे अर्धा दिवस घालवून बसतं. आम्ही चौथ्या दिवसापासून पाचला उठायला लागलो. सीतापूरचा किनारा सूर्योदयाचा, लक्ष्मणपूर १ सूर्यास्ताचा. रात्री साडेआठला डोळे मिटतात. कुठल्याही अॅलार्मशिवाय हे जमतं.

जेवणाचं

नील हे अंदमानचं भाजीचं कोठार. इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते. सकाळी बाजारात वांगी, दोडकी, लाल भोपळा, पालेभाज्या ताज्या मिळतात, केळी आणि नारळ भरपूर. सुरमई आली की विचारून ठेवा, मासे बोटी परतल्यावरच घ्यायचे. छोट्या खाणावळींत भात, डाळ, भाजी आणि मोहरीच्या तेलातलं माशाचं कालवण मिळतं. त्या वासाची सवय व्हायला दोन दिवस लागतात, मग घरी आल्यावर त्याचीच आठवण येते.

घरून काय न्यावं? गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, थोडं भाजणीचं पीठ. ज्वारीचं पीठ मिळेल अशी आशा ठेवू नका. मी एकदा काकींना आमसुलांची सोलकढी करून दिली, नारळ त्यांच्याच झाडाचा. त्यांनी चव घेतली, मिनिटभर गप्प बसल्या आणि मग आमसूल कशाचं असतं, त्याचं झाड बी लावून येईल का, म्हणून विचारलं.

दोघांचं

लांबच्या मुक्कामात साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी करमेनासं होतं. बघायचं ते बघून झालेलं, फोनला रेंज येते-जाते, आणि समोर एकच माणूस. हे सगळ्यांचं होतं, आपलं काही बिनसलंय असं समजू नका. दोन गोष्टी आमच्या कामी आल्या. एक, रोजचा एक तास वेगवेगळा. सकाळी मी किनाऱ्यावर एकटी चालत जायची, तो बाजारात जाऊन भाजी आणायचा आणि चहाच्या टपरीवर बसायचा. परत आल्यावर दोघांकडेही सांगायला काहीतरी असायचं. दोन, कामांची वाटणी पहिल्याच दिवशी. पाणी उकळून भरून ठेवणं त्याचं, ओहोटीची वही माझी. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या निवांतपणे एकमेकांना वाचून दाखवलं नव्हतं. मराठी पुस्तकं चार न्या. जास्त नको, दुपार झोपेत जाते.

ऑफिसचं काम सोबत न्यायचा विचार असेल तर दुसरं बेट बघा. वीज आणि इंटरनेट दोन्हीचा भरवसा नाही.

दुखणीखुपणी

प्रवाळाने कापलं तर जखम छोटी दिसते पण चिघळते, कारण आत बारीक कण राहतात. नवऱ्याच्या टाचेला असंच खरचटलं, त्याने दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्या दिवशी पाय सुजला. गावातल्या सरकारी दवाखान्यात जखम धुऊन घ्यावी लागली आणि पाच दिवस पाण्यात उतरता आलं नाही. कापल्याबरोबर गोड्या पाण्याने आणि साबणाने मऊ ब्रशने घासून धुवा, जंतुनाशक लावा, कोरडी ठेवा. खडकावर चालायला जाड तळव्याचे, मागे पट्टा असलेले बूट लागतातच, साधी चप्पल घसरते.

वाळूतल्या बारीक माश्या पहाटे आणि संध्याकाळी चावतात. चावल्याचं तेव्हा कळत नाही, रात्री खाज सुटते. खाजवायचं नाही, नाहीतर आठवडाभर फोड राहतात. वाळूवर थेट बसू नका, अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला खोबरेल तेल चोळा. ऊन फसवं असतं, पाण्यात पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पोहा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. खारफुटीच्या बाजूला किंवा खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, आणि पाटी लावलेली असेल तर तिचं ऐकायचं. मोठ्या दुखण्याला पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं, त्यामुळे हृदयाचा किंवा तसा काही त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

निघताना

परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला असा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान कुणासाठी थांबत नाही.

आदल्या रात्री बॅगा पूर्ण रिकाम्या करून परत भरा, दोघांच्याही. शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, काहीही राहता कामा नये. प्रवाळ आणि मोठे शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर बॅगा तपासतात. शिवाय किनाऱ्यावरचा रिकामा वाटणारा शंख नेहमीच रिकामा नसतो. संन्यासी खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं, तो पडलेल्या शंखातच शिरतो. आम्ही असे खेकडे संध्याकाळी ओट्याजवळून जाताना बघितले, त्यातल्या एकाच्या पाठीवर शंख न मिळाल्याने प्लास्टिकचं बुच होतं.

माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक पांढरा शंख निघाला, दुसऱ्या दिवशीच उचलून ठेवलेला आणि विसरलेला. पहाटे पाचला ओहोटी होती. आम्ही दोघं विजेरी घेऊन गेलो आणि तो केवड्याच्या मुळांपाशी, भरतीची रेघ असते तिथे ठेवून आलो. मग काकींकडे चहा घेतला आणि सायकली परत करायला निघालो.